भाडेवहीतला कोरा महिना

१

लाम मास्तरांच्या कपाटाचं कुलूप तोडून कोणीतरी भाडेवही नेली, ही बातमी मंगळवारी सकाळी नूडल्सचं पाणी उकळायच्या आत सगळ्या गल्लीला कळली. चांद्र पंचांगातल्या आठव्या महिन्याची पौर्णिमा आदल्याच दिवशी झाली होती, पोरांचे कागदी कंदील अजून दारांवर लोंबत होते, आणि तेवढ्यात ही भानगड उपटली.

एका वहीसाठी एवढा आरडाओरडा कशाला, असं कोणाला वाटेल. पण व्हिएतनाममधल्या दानांगच्या आमच्या गल्लीत अठरा बिऱ्हाडांचा जीव त्या वहीत अडकला होता. नदीकडच्या चारमजली पिवळ्या इमारतीच्या थोरल्या मालकांनी बावीस वर्षांपूर्वी भाडेकरूंशी करार करून ठेवला होता. माणूस भला होता बिचारा. दर ऑक्टोबरात भाडं नव्यानं ठरायचं, पण मालकाच्या मर्जीनं नाही आणि भाडेकरूच्या रडगाण्यानंही नाही. सप्टेंबरअखेरपर्यंत वर्षभरात गल्लीत जेवढ्या खोल्या नव्यानं भाड्यानं गेल्या, त्यांची सरासरी काढायची. तेच भाडं. नोंद धरायची ती लाम मास्तरांच्या वहीतली. आणि करारात शेवटी एक ओळ होती, की वही नसेल तर गेल्या वर्षीचंच भाडं पुढे चालू.

मास्तरांच्या वहीवर कोणी शंका घेत नसे. गल्लीत खोली देणारा-घेणारा जो तो त्यांच्याकडेच यायचा. करार ते लिहून द्यायचे, मोत्यासारख्या अक्षरात. नव्या घरात पाऊल कधी टाकायचं तो शुभ दिवसही तेच काढून द्यायचे. मग वहीत एक ओळ पडायची. तारीख, घर नंबर, भाडं. एवढंच.

पुष्कळ वर्षं भाडं मुंगीच्या पावलांनी चढत राहिलं. मग किनाऱ्यावर लॅपटॉपवाले परदेशी येऊन राहिले, कोरियन कुटुंबं आली, आणि पूल ओलांडून ती महागाई आमच्या गल्लीत शिरली. यंदाच्या आकड्याची सगळ्यांनाच धास्ती होती, आणि सगळ्यांत जास्त थोआला.

थोआ दुसऱ्या मजल्यावर राहायची. वय अठ्ठावन्न. एकतीस वर्षं तिनं घरोघरी विजेचे मीटर वाचले होते. शेजारणीनं कितीही गळ घातली तरी एक युनिट इकडचं तिकडे केलं नाही, म्हणून निम्मी गल्ली तिला मान द्यायची आणि निम्मी तिला खडूस म्हणायची. घरात चौऱ्याऐंशी वर्षांची आई, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. म्हातारी भिंतीला हात लावून त्या घरात राणीसारखी फिरायची. दारापासून शेगडीपर्यंत अकरा पावलं, तिथून मोरीपर्यंत सहा. गेल्या वर्षी तिला तीन दिवस भाचीकडे नेलं, तर ती खाटेवरून उतरायलाच तयार होईना. "मला कुठे आणून टाकलंस गं?" म्हणून लहान मुलासारखी रडली. आताचं भाडं महिन्याला बत्तीस लाख डोंग; आमच्याकडे साध्या कॉफीलाही हजारो मोजावे लागतात. थोआनं पेन्शन कितीही ताणली तरी अडतीसच्या पुढे काही ती जात नव्हती. म्हणजे अडतीसच्या वर आकडा गेला की घर सोडायचं, आणि आईला पुन्हा आंधळं करायचं.

मंगळवारी मास्तरांच्या दाराशी घोळका जमला तेव्हा मालकांचा मुलगा खिएम तिथे आधीच हजर होता. थोरले मालक गेल्यापासून कारभार त्याच्याकडे होता, आणि बापाचा तो करार त्याच्या घशात काट्यासारखा रुतलेला होता.

"वही गेली तर फायदा कोणाचा?" तो मोठ्यानं म्हणाला. "मालकाचा तर नाही. रविवारी संध्याकाळी मास्तरांच्या खोलीतून वाडगा घेऊन कोण बाहेर पडलं, थोआ मावशी?"

"गोड सूप दिलं होतं सणाचं," थोआ म्हणाली. "दर वर्षी देते."

"यंदा वाडग्याखाली काय होतं?"

घोळक्यातल्या दोघी-तिघींनी माना खाली घातल्या. ज्यांच्याबरोबर बावीस वर्षं काढली, त्यांनाही क्षणभर ते खरं वाटलं होतं, हे तिला दिसलं.

"पण चोराचा डाव फसलाय," खिएमनं शांतपणे पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. "आमच्या त्रुकनं सप्टेंबरअखेरीलाच वहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवले होते. ह्या त्याच्या छापील प्रती, घरटी एक. सरासरी छप्पन्न लाख. रविवारी सकाळी अंगणात बैठक. ज्यांना परवडत नाही त्यांनी तोवर बांधाबांध करायला घ्यावी."

२

दुपारी थोआ मास्तरांच्या खोलीत गेली. मास्तर पिवळ्या इमारतीतच तळमजल्यावर एकटे राहायचे, तेही भाडेकरूच. वय चौऱ्याहत्तर. भिंतीवर देवघर, उदबत्तीची राख, एका फळीवर वर्षावर्षाच्या भाडेवह्या ओळीनं लावलेल्या. एरवी थोआ आली की "ये पोरी" म्हणून स्वतः चहा ओतायचे. आज नुसते बसून राहिले.

थोआनंच चहा केला. ट्रे ठेवायला मेजावर जागा नव्हती, तर तिनं गेल्या वर्षीची वही थोडी सरकवली आणि तिच्यावरच ट्रे टेकवला. मास्तरांनी पटकन हात पुढे केला आणि मागे घेतला.

"डाग पडेल का?" थोआनं विचारलं.

"पडू दे. जुनीच आहे."

कपाटाचं कडं उचकटलेलं होतं. आत पेन्शनच्या नोटांचा डबा जागच्या जागी, मास्तरांच्या दिवंगत बायकोची सोन्याची कुडीही जागच्या जागी. गेली होती फक्त यंदाची वही.

"मास्तर, मी घेतली नाही."

"मला माहीत आहे."

"मग तिथे का नाही बोललात? सगळ्यांसमोर त्यानं मला चोर ठरवलं!"

थोआनं छापील कागद त्यांच्यासमोर धरले. "हे तुमचं अक्षर?"

त्यांनी चष्मा लावला. पुष्कळ वेळ बघत राहिले. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला शाईचा निळा डाग होता, तो ते अंगठ्यानं चोळत होते.

"अक्षर माझंच," ते म्हणाले.

"त्रुकनं फोटो काढले तेव्हा तुम्ही समोर होतात?"

"आला असेल. सगळेच येतात. माझ्या लक्षात राहत नाही आता."

थोआ दचकली. ज्या माणसाला बावीस वर्षांतला प्रत्येक करार तोंडपाठ होता, त्याच्या लक्षात आठवड्यापूर्वीचं राहत नव्हतं? की कोणी त्यांना दम दिला होता? ती उठली तेव्हा मास्तर म्हणाले, "थोआ, तुझ्या आईसाठी दुसरी खोली बघून ठेव. तळमजल्यावरची बघ. जिन्याची सवय लावायला नको."

आणि त्यांचे डोळे भरून आले.

३

त्रुक हा खिएमचा दलाल. सव्वीस वर्षांचा, केसांना तेल, पायांत चकचकीत बूट. थोआनं त्याला कोपऱ्यावरच्या कॉफीच्या टपरीवर गाठलं.

"फोटो दाखव."

"मावशी, फोटो संगणकात टाकले आणि फोनमधून पुसले."

"मग संगणक दाखव."

"तो साहेबांच्या ऑफिसात." त्यानं बर्फ खुळखुळवला. "कशाला जिवाला त्रास करून घेताय? बाजार कोणाच्या बापाचा नसतो. पुलापलीकडे एका खोलीचे ऐंशी लाख मोजतात लोक, हसत हसत."

"तू मोजतोस का?"

"मी? मी आईकडे राहतो." तो हसला, मग जरा वरमला. "मावशी, मी फक्त कागद वाटले. साहेबांनी दिले, मी वाटले. अक्षर मास्तरांचं आहे ना? मग मास्तरांना विचारा."

खोटं बोलताना त्रुक नेहमी फार बोलायचा. आज थोडंच बोलला, आणि त्यामुळे थोआ जास्त घोटाळ्यात पडली. तिला वाटत होतं की ह्यानंच मास्तरांचं अक्षर गिरवलं. पण घरी जाऊन तिनं स्वतःचा जुना करार त्या कागदांशेजारी ठेवला. तोच डावीकडे झुकलेला सात, तीच शेपटी ओढलेला नऊ. नक्कल करणाऱ्याचा हात कुठेतरी अडखळतो. इथे नऊ पानांत एकदाही अडखळला नव्हता.

वरच्या मजल्यावरची लुआ शिंपीण मदतीला धावली. बाई बोलायला लागली की मशीनपेक्षा जोरात, पण मनानं सोनं.

"चला थोआताई, सरळ घरोघर जाऊन विचारू. कागदावर एक्केचाळीस नंबरची खोली साठ लाखांना गेलीय. गेलीय का खरंच?"

दोघी एक्केचाळीसमध्ये गेल्या, तेवीसमध्ये गेल्या, सत्तावन्नमध्ये गेल्या. घरमालक तिन्हीकडे गोड हसले आणि म्हणाले, "हो हो, तेवढंच." आकडा चढला तर त्यांचंही भलंच होतं ना! भाडेकरू बघावेत तर कोणी परदेशी, कोणी येऊन परत गेलेला. कोणाला करार आठवेना.

"मेले सगळे एका माळेचे मणी," लुआ परत येताना फणफणली. "भाडं वाढलं तर मी मशीन कुठे नेऊ? माझी गिऱ्हाइकं याच गल्लीतली. नवा भाडेकरू आला की त्याला पहिले पडदे लागतात, ते माझ्याकडे. ऑगस्टचे पहिले तीन आठवडे मान वर करायला सवड नव्हती मला, चौदा घरांचे पडदे शिवले. मग जे थंड पडलं ते सप्टेंबर सरत आला तरी एक पडदा नाही. नवऱ्याला म्हटलं, आता माशांऐवजी चिंध्या तळून खा."

थोआ हसली आणि विसरून गेली. डोक्यात एकच घोळत होतं. अक्षर खरं आहे, मग वही खोटी कशी?

आणि वही खरीच असेल तर?

४

शनिवार उजाडला. थोआनं दोन खोल्या बघितल्या होत्या. एक विमानतळापलीकडे, पत्र्याची. दुसरीत मोरी सामाईक, अंगणाच्या टोकाला. आंधळ्या बाईनं तिथवर जायचं कसं? ती घरी आली तेव्हा आई शेगडीपाशी भाताचं भांडं पुसत होती, रोजच्या जागी ठेवत होती.

"चेहरा पाडून का बसलीस?"

"तुला कसं दिसलं?"

"तुझ्या चपला घासत आल्या." म्हातारी खाटेवर येऊन बसली. "आज मासे आण. आजची तिथी काय, विसावी ना? मग खायला चालतं. या वर्षी उपासांनी जीव नकोसा केलाय. सहावा महिना दोनदा, तेरा महिन्यांचं वर्ष, दर महिन्याची प्रतिपदा नि पौर्णिमा शाकाहारी. अधिक महिना कोणी काढला, त्याला एकदा माझ्यासारखं पोट द्यायला हवं होतं."

"आई, मला डोकं नाही आत्ता त्या तिथ्यांना."

"तुला कधी होतं? ऑगस्ट लागल्यावर मला सांगायला आलीस, भटक्या आत्म्यांचा महिना लागला, आता संध्याकाळी दारात बसू नकोस. मी म्हटलं, अगं अजून अधिक सहावा चालू आहे, सातवा लागायला तीन आठवडे आहेत. म्हणे मागच्या वर्षी तर ऑगस्टातच होता! मागच्या वर्षी होता, यंदा नाही."

थोआ उठली ती थेट कागदांकडे. लुआचे पडदे तिच्या कानात खडखडले.

सातवा महिना म्हणजे भटक्या आत्म्यांचा. त्या महिन्यात आमच्याकडे कोणी घर बदलत नाही, खोली घेत नाही, करारावर सही करत नाही. परदेशी पाहुणा तयार झाला तरी मालकाची आई त्याला दारात उभं करत नाही. आणि मास्तर तर शुभ दिवस काढून देणारे. त्यांच्या वहीत तो महिना दर वर्षी कोरा असायचाच.

तिनं बोट ठेवून तारखा वाचल्या. दोन ऑगस्टला एक करार, तीन ऑगस्टला दोन. मग कोरं. पुढची ओळ थेट तीन सप्टेंबर, आणि त्या एका दिवशी चार करार. पाच सप्टेंबरला तीन. आठला दोन.

भिंतीवर तांदळाच्या दुकानाचं कॅलेंडर होतं, इंग्रजी तारखेखाली तिथी छापलेली. अधिक सहावा बावीस ऑगस्टला संपला होता. सातवा तेवीस ऑगस्टला लागून एकवीस सप्टेंबरला सरला होता. म्हणजे वही सांगत होती की अधिक महिन्यात, लुआ चौदा घरांचे पडदे शिवत असताना, तीन ऑगस्टनंतर गल्लीत एकही करार झाला नाही. आणि ऐन भटक्या आत्म्यांच्या महिन्यात, एका दिवशी चौघांनी मास्तरांसमोर बसून सह्या केल्या.

"आई, गेल्या वर्षीचं कॅलेंडर कुठेय?"

"तांदळाच्या डब्याखाली घातलंयस, ओल लागू नये म्हणून."

थोआनं डबा सरकवला. कागद पिवळा पडला होता पण तिथ्या वाचता येत होत्या. गेल्या वर्षी सातवा महिना चार ऑगस्टला लागला होता आणि दोन सप्टेंबरला संपला होता. कोऱ्या जागेशी दिवसाला दिवस जुळत होता.

परक्यानं खोटी वही लिहिली असती तर त्यात कोरा महिना पडलाच नसता. इथल्या कोणी मनानं रचली असती, तर त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं असतं. ही वही कोणी रचलीच नव्हती. गेल्या वर्षीच्या वहीवरून ओळीनं उतरवली होती. घर नंबर बदलले, भाडी चढवली, आणि तारखांकडे लक्षच दिलं नाही. गेल्या वर्षीची वही मंगळवारी चहाच्या ट्रेखाली होती, आणि ती तिथे कोणी ठेवली होती हे थोआला ठाऊक होतं.

चोर सापडल्याचा आनंद तिला झाला नाही.

५

"मास्तर, कपाटाचं कुलूप तुम्हीच तोडलंत," थोआ दारातूनच म्हणाली.

मास्तर खुर्चीतून उठले नाहीत. थोआनं दोन्ही कॅलेंडरं आणि कागद मेजावर मांडले. तीन ऑगस्टवर बोट ठेवलं, मग तीन सप्टेंबरवर. मास्तरांना समजायला निमिषही लागलं नाही. सगळ्या गल्लीला तिथ्या सांगणारा माणूस तो!

"अधिक महिना," ते पुटपुटले. "अरे देवा. मी अधिक महिना विसरलो."

"फोटो कोणी काढलेच नाहीत. तुम्ही नवी वही लिहिलीत, खिएमनं ती छापली. छापल्यावर शाई नवी की जुनी ते कोणाला कळत नाही, म्हणून. आणि खरी वही कोणी मागू नये म्हणून चोरी झाली. बरोबर?"

"बरोबर."

"का, मास्तर? तुम्ही? मला चोर म्हणाले लोक, आणि तुम्ही गप्प बसलात!"

मास्तरांनी देवघराकडे बघितलं. "खिएम म्हणाला, इमारतीचा तळमजला दुकानांना देणार. मला जायला सांगितलं. मी म्हटलं, बायको ह्याच खोलीत गेली, तिची पहिली उदबत्ती मी इथेच लावली, मी कुठे जाऊ? तो म्हणाला, एक काम करा, मरेपर्यंत खोली तुमची, भाडं नाही." त्यांनी कपाळ चोळलं. "मनानं रचायला बसलो तर जमेना. बावीस वर्षं खरं लिहिलेलं. आकडे सुचेनात, तारखा सुचेनात. मग गेल्या वर्षीची वही शेजारी ठेवली आणि शाळेतल्या पोरासारखी कॉपी केली."

"आणि खरी? जाळलीत?"

त्यांनी मान हलवली. तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही बाहेर काढली. "रोज जाळायला घेतो. हात धजत नाही."

थोआनं वही ओढून घेतली. निम्मं ओझं उतरलं होतं तिच्या डोक्यावरचं. तिनं खिशातून पेन्सिल काढली आणि बेरीज करायला बसली, एकसष्ट ओळी, एकामागून एक. ह्या वहीत ऑगस्ट भरलेला होता, तेवीस ऑगस्टपासून एकवीस सप्टेंबरपर्यंत पान कोरं होतं, सगळं जागच्या जागी होतं. शेवटी तिनं भागाकार केला. मग पुसून पुन्हा केला.

चव्वेचाळीस लाख.

"छप्पन्न खोटं आहे," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले. "पण गल्ली खरोखरच महाग झालीय, पोरी. मी ते कधीचं बघतोय. म्हणून तर म्हटलं, आईसाठी खोली बघून ठेव."

चव्वेचाळीस परवडणारी बिऱ्हाडं इमारतीत पाच-सहा असतील. थोआचं त्यांत नव्हतं. लुआचंही नव्हतं. तिनं चोरी पकडली, खोटं पकडलं, खरी वही शोधून काढली, आणि त्या खऱ्या वहीनंच तिच्या आईला घराबाहेर काढलं होतं.

"ही मला ठेवता येणार नाही आता," मास्तर म्हणाले. "तू ने. उद्या मी सगळ्यांसमोर कबूल करतो. वहीचं तू बघ."

६

रविवारी अंगणात पाऊल ठेवायला जागा नव्हती. थोआनं भिंतीवर दोन्ही कॅलेंडरं टांगली आणि कागदावरच्या तारखा मोठ्यानं वाचल्या. "तीन सप्टेंबर. यंदाची तिथी काय, बघा." पहिल्यांदा समजलं ते म्हाताऱ्या बायकांना. एकीनं तोंडावर हात घेतला, दुसरी ओरडली, "भटक्यांच्या महिन्यात चार करार? आणि मास्तरांकडे?"

"अगं बाई! माझे पडदे!" लुआ किंचाळली. "चौदा घरांचे!"

मग लाम मास्तर उठले. काठीला धरून उभे राहिले आणि स्वतःचं काहीही न लपवता सांगितलं. कोणासाठी, कशाच्या बदल्यात, सगळं. थोआचं नाव घेऊन तिची माफी मागितली. त्रुक केव्हा निसटला कोणाला कळलं नाही. खिएमच्या मानेवर लाल चट्टे उठले होते, पण गडी कच्चा नव्हता.

"ठीक आहे," तो म्हणाला. "माझं चुकलं. ते कागद रद्द. पण करार वहीचा आहे. खरी वही आणा, तीत जो आकडा निघेल तो मला मान्य. सगळ्यांसमोर सांगतो." तो मास्तरांकडे वळला. "कुठेय वही?"

"माझ्याकडे नाही," मास्तर म्हणाले. ते खरंच होतं. जाळली असणार, असं अंगणात कोणीतरी कुजबुजलं.

"थोआताई," लुआनं विचारलं, "तुम्ही काल त्यांच्या खोलीत होतात ना? सापडली का?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मंगळवारी माना खाली घालणाऱ्या त्या दोघी-तिघीही बघत होत्या, आणि आता त्यांच्या नजरेत विश्वास होता. थोआ काय म्हणेल ते खरं. एकतीस वर्षं जिनं एक आकडा इकडचा तिकडे केला नाही, ती थोआ.

"नाही," ती म्हणाली. "नाही सापडली."

अंगणात टाळ्या पडल्या. कोणी रडलं, कोणी हसलं, कोणी खिएमला दोन शब्द ऐकवले. लुआनं तिथेच कागद पुढे ओढला आणि ठराव लिहिला, की वही उपलब्ध नाही, सबब गेल्या वर्षीचंच भाडं चालू. खिएमनं दात-ओठ खात सही केली. मग कागद थोआकडे आला. तिनं सही केली आणि पेन परत देताना तिची नजर मास्तरांवर गेली. मास्तर तिच्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत राग नव्हता, आभारही नव्हते. त्यांना तिचं सगळं कळत होतं, आणि तेच तिला सोसवेना. ते काठी टेकत आपल्या खोलीत गेले, आणि महिनाअखेरीला भाच्याकडे हुए शहरात निघून गेले. त्यांच्या खोलीत आता मोबाइलचं दुकान आहे.

थोआ वर गेली. आई खाटेवर बसली होती. वही त्याच गादीखाली होती, म्हातारीच्या मांडीच्या बरोबर खाली.

"टाळ्या ऐकल्या मी," आई म्हणाली. "राहायचं ना इथेच?"

"हो आई. बत्तीस लाखच."

"देव पावला गं बाई!" म्हातारीनं हवेत हात पुढे केला, थोआचा चेहरा शोधला आणि दोन्ही तळव्यांत धरला. "आणि वही? सापडली शेवटी?"

"नाही," थोआ म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा, आईला दिसत नाही याचं तिला बरं वाटलं.